अब्दुललाटचा राजदूत

महोदय,

परराष्ट्र सेवा म्हणजे बड्या शहरांतल्या मुलांचे काम, असे आमच्या निपाणी भागात अजून सर्रास बोलले जाते. सीमेला लागूनच असलेल्या, कोल्हापूर जिल्ह्यातल्या अब्दुललाटचे ज्ञानेश्वर मुळे १९८३ मध्ये या सेवेत गेले. जपानमध्ये काम, मालदीवमध्ये उच्चायुक्त (राष्ट्रकुल देशांत राजदूताला हेच म्हणतात), न्यूयॉर्कमध्ये महावाणिज्यदूत, मग दिल्लीत परराष्ट्र मंत्रालयात सचिव. त्यांच्याच काळात, २०१७ पासून, पासपोर्टच्या अर्जाचे काम पोस्टात होऊ लागले. पूर्वी त्यासाठी मी पहाटेच्या एसटीने हुबळी गाठली होती, कागदांची पिशवी छातीशी धरून. परवा मुलीचे काम बेळगावच्या पोस्टातच झाले. आमच्या मराठी शाळांनी त्यांना एकदा तरी बोलवावे, ही कळकळीची विनंती.

– एक पालक, निपाणी