छाटलेली कण्हेर रस्त्यावर टाकू नका

महोदय,

गेल्या आठवड्यात आमच्या वसाहतीसमोरच्या डिव्हायडरवरची कण्हेर छाटली. छाटली कसली, मशीन फिरवून भादरली. शेंड्यांना कळ्यांचे झुबके धरले होते, ते सगळे खाली आले. कण्हेरीला फूल येते ते नव्या फुटीच्या टोकाला. दर दोन महिन्यांनी तिचा चौकोनी खोका केला, तर ती फुलणार कधी? छाटायचीच तर थंडी सरता सरता एकदा छाटावी.

पण माझी खरी तक्रार फुलांची नाही. छाटलेल्या फांद्या तीन दिवस रस्त्याकडेला पडून होत्या. कण्हेर मुळापासून फुलापर्यंत विषारी; तिच्यातले ओलिअँड्रिन हे विष थेट हृदयावर घाला घालते. हिरव्या कडू पाल्याला शेळी सहसा तोंड लावत नाही, म्हणून तर ही झाडे डिव्हायडरवर टिकतात. पाला सुकला की तो खाल्ला जातो आणि विष मात्र तेवढेच राहते. मागच्या गल्लीतल्या मावशींची गाभण शेळी त्या ढिगावर चरली, रात्रीतच गेली. चौथ्या दिवशी उरलेला ढीग तिथेच पेटवला. कण्हेरीचा धूरही वाईट. माझे डोळे संध्याकाळपर्यंत चुरचुरत होते. ठेकेदाराच्या माणसाला विचारले तर म्हणाला, "आजी, आम्हाला कापायचं सांगितलंय, उचलायचं नाही."

आता वसाहतीत 'सगळी कण्हेर उपटा' असा सूर निघाला आहे. केरळातल्या मंदिरांचा कारभार पाहणाऱ्या देवस्वम मंडळांनी मे २०२४ मध्ये नैवेद्य-प्रसादात कण्हेरीची फुले वापरणे बंद केले, ती बातमी पुन्हा मोबाइलवर फिरते आहे. अहो, ती बंदी फूल पोटात जाऊ नये म्हणून होती, झाडावर नव्हती!

माझ्या दारची लाल कण्हेर सासूबाईंनी लावलेली. वीतभर फांदी घ्यायची, खालची पाने काढून पाण्याच्या बाटलीत ठेवायची, तीन-चार आठवड्यांत पांढरी मुळे फुटतात. फांदीचा चीक लागला की हात धुतल्याशिवाय त्या मला पिठाला शिवू देत नसत. नळाला आठवड्याने पाणी यायचे, त्या उन्हाळ्यातही ती भांड्यांच्या धुवणावर फुलली. पावसाळ्यात तिच्यावर बोटाएवढ्या जाड हिरव्या अळ्या येतात. डोक्यामागे दोन निळे ठिपके. काडीने डिवचले की अंग फुगवून ते डोळ्यांसारखे वटारतात. दोन-चार दिवसांत फांदी बोडकी करतात. मी फवारत नाही, ती परत फुटते.

तेव्हा झाडे राहू द्यावीत. ठेक्याच्या अटींत एवढेच घालावे, की छाटण त्याच दिवशी उचलायची, जाळायची नाही आणि कापणाऱ्यांना हातमोजे द्यायचे. आणि मावशींच्या शेळीचे पैसे कोणी द्यायचे, तेही एकदा कळवावे.

— एक निवृत्त शिक्षिका, सोलापूर जिल्हा