नाकोडा शिकवणाऱ्या आजी-आजोबांना कायमचा पगार द्या: कॅनडाच्या मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्रीमहोदय,
कॅनेडियन अस्मिता व संस्कृती खाते, ओटावा

सविनय नमस्कार.

या पत्राची इंग्रजी प्रत आपल्या कार्यालयाकडे पाठवली आहे. मराठीत लिहिते आहे ते माझ्या माणसांसाठी. कॅल्गरीत राहणारे आम्ही दर उन्हाळ्यात भारतातून आलेल्या आई-वडिलांना घेऊन एक नंबर हायवेने बॅन्फला जातो. तो रस्ता ज्यांच्या राखीव जमिनीतून जातो, त्या इयार्हे नाकोडा या आदिवासी लोकांबद्दल आणि त्यांच्या नाकोडा भाषेबद्दल आम्हाला काहीच ठाऊक नसतं.

आमच्या दिवाळीच्या कार्यक्रमात सुरुवातीला या भूमीच्या मूळ रहिवाशांचा उल्लेख होतो. एका वर्षी ते वाचण्याचं काम माझ्याकडे आलं. त्यात इयार्हे नाकोडांच्या तीन गटांची नावं होती: बेअर्सपॉ, चिनिकी, गुडस्टोनी. 'इयार्हे'चा उच्चार कसा करायचा हे विचारायला एकही नाकोडा माणूस माझ्या ओळखीचा नव्हता. शरम वाटली, आणि तेव्हापासून मी वाचायला लागले.

'स्टोनी' हे त्यांना इतरांनी दिलेलं नाव, तापवलेले दगड पाण्यात टाकून अन्न शिजवत म्हणून. स्वतःला ते इयार्हे नाकोडा म्हणतात, म्हणजे डोंगरातले नाकोडा. मिनी म्हणजे पाणी. मोर्ली या त्यांच्या राखीव जमिनीवरच्या गावाचं त्यांचं नाव मिनी थ्नी, थंड पाणी. ज्या मिनीवांका तळ्यात आम्ही पाहुण्यांना बोटीतून फिरवतो, त्याच्या नावातही तेच पाणी, आणि अमेरिकेतल्या मिनेसोटाच्या नावातही, कारण ते डकोटा या बहीणभाषेतून आलं. आमच्या कॅल्गरीला ते 'कोपराचं गाव' म्हणतात. एल्बो नदी इथेच बो नदीला मिळते ना!

याच डोंगरांत कॅनमोरजवळच्या एका शिखराला जवळजवळ शंभर वर्षं आदिवासी बायकांना दिली जाणारी शिवी नाव म्हणून चिकटली होती. 2020 मध्ये नाकोडांनी सुचवलेलं 'अनू कथा ईपा' हे नाव अधिकृत झालं. फार चांगलं झालं. पण ते नाव सहज उच्चारणारी पोरं उद्या मिनी थ्नीत असतील का, हे आपल्या खात्याच्या हातात आहे.

ही भाषा आपोआप आटली नाही. सरकारनेच चर्चच्या हाती दिलेल्या निवासी शाळांमध्ये पोरांना आईपासून तोडून नेलं आणि आपली भाषा बोलली म्हणून मारलं. मोर्लीतही अशी शाळा होती. 2008 मध्ये पंतप्रधानांनी संसदेत माफी मागितली. 2019 मध्ये आदिवासी भाषांचा कायदा झाला. त्यात या भाषांसाठी पुरेसा, टिकाऊ आणि दीर्घ मुदतीचा निधी मिळावा यासाठी पावलं उचलण्याचं लिहिलेलं आहे.

माझी मागणी एवढ्याच ओळीपुरती आहे. भाषा ज्यांच्या तोंडात आहे त्या आजी-आजोबांना शिक्षक म्हणून नेमा, पदवीची अट घालू नका, आणि त्यांना कायमचा पगार द्या. प्रकल्पाच्या पैशावर शिकवणाऱ्याने दर मार्चअखेरीस पुढच्या वर्षाची काळजी करायची, हे नको. शेजारच्या सस्कॅचेवान प्रांतातल्या नाकोडांकडे तर आधी लक्ष द्या. तिथे अस्खलित बोलणारे मोजकेच म्हातारे उरलेत. त्यांचे नातेवाईक अमेरिकेतल्या मोंटानात फोर्ट बेल्कनॅप आणि फोर्ट पेक या राखीव जमिनींवर आहेत. तिकडून शिकवायला येणाऱ्याला सरहद्दीवर अडथळा येऊ नये, हेही बघा. आमच्या इकडच्या नाकोडांच्या आणि सस्कॅचेवान-मोंटानातल्या नाकोडांच्या बोलींत बराच फरक आहे, तेव्हा एकच पुस्तक छापून सगळीकडे वाटू नका. काय छापायचं ते त्यांनाच ठरवू द्या.

माझी मुलगी दर रविवारी मराठी शाळेत जाते. समजा ती उद्या मराठी विसरली, तर माझ्या घरावर आभाळ कोसळेल, पण मराठी राहील. 2011 च्या जनगणनेत आम्ही आठ कोटींच्या वर होतो. नाकोडांच्या मुलीला सुट्टीत आजोळी पाठवून भाषा शिकवू म्हटलं, तर दुसरं आजोळ कुठलं? हेच डोंगर, हीच बो नदी.

येत्या अर्थसंकल्पात या शिक्षकांच्या पगारासाठी स्वतंत्र, कायमची तरतूद होणार आहे का, हे लेखी कळवावं. आपलं उत्तर मी इथल्या मराठी मंडळींना मराठीत वाचून दाखवेन.

आपली,
कॅल्गरीतली एक मराठी आई