थिओ गेला, आणि मी तोंड उघडलं

नेपरव्हिल, २ सप्टेंबर २०२५

प्रिय सुध्या,

आठ महिने पत्र नाही, फोन नाही, व्हॉट्सॲपवर नुसते अंगठे. शिव्या घालायच्या असतील तर आधी घालून घे आणि मग पुढे वाच. तब्येत ठीक. साखर आहे तिथेच आहे, गुडघा कुरकुरतो. सुनीता म्हणते त्याच्यापेक्षा मीच जास्त कुरकुरतो.

जुलैत थिओ गेला, वाचलं असशीलच. माल्कम-जमाल वॉर्नर, 'कॉस्बी शो' या काळ्या कुटुंबावरच्या विनोदी मालिकेतला आपला थिओ. कोस्टा रिकाच्या समुद्रात बुडाला, अवघा ५४ वर्षांचा. बातमी वाचली तेव्हा तुलाच फोन लावणार होतो, पण तुमच्याकडे पहाटेचे तीन वाजले होते, आणि मग राहिलंच. ग्रीन स्ट्रीटवरची खोली डोळ्यांसमोर आली. पंधरा डॉलरचा टीव्ही, अँटेनाला गुंडाळलेली फॉइल, गुरुवारी संध्याकाळी सातच्या आत कुकर उतरवायची घाई. तुला थिओ आवडायचा कारण तो ढ होता, आणि मला त्याची आई, क्लेअर, आवडायची, ते का ते सुनीताला सांगू नकोस.

हे सगळं डोक्यात घोळत असतानाच तो रविवार आला. मुक्ताचं मार्कसशी ठरलंय ते तुला डिसेंबरात बोललो होतो. त्याचे आईवडील ऑगस्टमध्ये पहिल्यांदाच जेवायला आले. शिकागोच्या साउथ साइडची काळी माणसं. वडील पोस्टात ३६ वर्षं नोकरी करून निवृत्त झालेले, आई नर्स. सुनीताने पुरणाचा घाट घातला होता. गृहस्थांनी तीन पोळ्या खाल्ल्या, तूप मागून घेतलं. मार्कस बापाची टर उडवतोय, बाप त्याला सव्याज परत करतोय, आई दोघांना दटावतेय, मुक्ता खो खो हसतेय. आणि मी, सुध्या, भरल्या पोटी, अगदी प्रेमाने म्हणालो, "तुम्ही म्हणजे अगदी कॉस्बी शोमधलं कुटुंब!"

कुणी काही बोललं नाही. मुक्ताने डोळे मिटून घेतले. सुनीता उगाच भात वाढायला उठली.

त्या बिल कॉस्बीचं नाव आता काढू नये, एवढं मलाही कळतं. पन्नासाहून जास्त बायका लैंगिक अत्याचाराचे आरोप घेऊन त्याच्याविरुद्ध उभ्या राहिल्या, २०१८ मध्ये तो दोषी ठरला, २०२१ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द केला आणि तो सुटला, पण गेलं ते गेलंच. भांडी विसळताना मी मुक्ताला हेच म्हणालो, की नाव चुकलं गं. ती म्हणाली, "बाबा, नाव नाही चुकलं, वाक्य चुकलं."

पण त्याआधी त्या गृहस्थांनीच मला सावरून घेतलं. पाणी प्यायले आणि म्हणाले, आम्हीही बघायचो, पण माझा माणूस जेम्स इव्हान्स. 'गुड टाइम्स' मालिकेतला बाप, आठवतं ना? दुपारी जुने भाग लागायचे, आणि आपण थोरल्या मुलाच्या, जेजेच्या 'डायनोमाइट'वर लोळायचो. हा माणूस मूळ मालिका लागायची तेव्हा सतरा वर्षांचा होता, आणि मालिकेतलं कुटुंब त्याच्याच गावात, सरकारी इमारतीत राहणारं. मुळात त्या घरात बापच नव्हता म्हणे. एस्थर रोलने अट घातली, की नवरा असेल तरच मी आईचं काम करीन, म्हणून जेम्स आला. दोन दोन नोकऱ्या करणारा, चिडणारा, पण रोज घरी येणारा बाप. लोकांना हसू मात्र जेजेचं यायचं, म्हणून लिहिणारे जेजेला फुगवत गेले. जेम्सचं काम करणारा जॉन एमॉस आणि रोलबाई दोघंही कुरकुरायला लागले, की थोरल्याला विदूषक करताय, धाकट्या दोघांना डॉक्टर, वकील व्हायचंय त्याचं काय? एमॉसला काढून टाकलं. १९७६ मध्ये जेम्स मिसिसिपीत मोटार अपघातात मेला, पडद्याबाहेर, बातमी फक्त तारेतून. गृहस्थ म्हणाले, "माझे वडील पोलादाच्या कारखान्यातून रोज साडेपाचला घरी यायचे. त्या रात्री त्यांनी टीव्ही बंद केला. म्हणाले, एक होता, तोही ठेवला नाही."

मग त्यांच्या बायकोने विषय हलका केला. आठ वर्षांची असताना तिला 'ज्युलिया'ची बाहुली मिळाली होती. डायहॅन कॅरोलची ती १९६८ची मालिका, नर्सचं काम. त्याच्या आधी काळी बाई म्हटली की 'ब्यूला'सारखी गोऱ्यांच्या घरची मोलकरीण. पण ज्युलियाचा नवराही व्हिएतनाममध्ये मारलेला! बाई हसून म्हणाली, आम्ही नर्स झालेलं त्यांना चालत होतं, फक्त घरात नवरा नको होता.

मी नुसता मान हलवत होतो. आपण त्याच भागांवर हसलो होतो, सुध्या. आपल्याला बाप दिसलाच नव्हता. खरं म्हणजे मला दिसला नव्हता. तुला दिसला असणार, कारण तू एकदा म्हणाला होतास की तो तुझ्या अण्णांसारखा जिना चढतो. मी तेव्हा म्हणालो, काहीही.

आता आपल्या भांडणावर येतो. तुझं म्हणणं, कॉस्बीच्या घरात सगळं आहे, बाप डॉक्टर, आई वकील, भिंतीवर चित्रं, सोफा, जॅझ, पण घराबाहेर रस्ता कुठाय? मी तुला कम्युनिस्ट म्हणालो. तू मला सदाशिव पेठ म्हणालास. दोन दिवस आपण वेगवेगळी खिचडी केली, आणि कुकर एकच होता. तुझ्या काकांनी तुला अमेरिकेतल्या ब्लॅक पँथर संघटनेची गोष्ट शाळेत असतानाच सांगितली होती, मुंबईत आपली दलित पँथर कशी उभी राहिली तेही. मला अमेरिकेतले काळे लोक विमानातून उतरल्यावर पहिल्यांदा दिसले, आणि नीट दिसले ते टीव्हीवर. वरच्या मजल्यावर राहायचा तो डेट्रॉइटचा मुलगा, दोन वर्षं जिन्यात 'हाय' म्हणायचा, त्याला आपण एकदाही चहाला बोलावलं नाही. हे 'आपण' मी मुद्दाम लिहितोय, म्हणजे तू भांडशील.

पण माझंही थोडं ऐक. ती मालिका ओळीने पाच वर्षं पहिल्या नंबरला होती, देशभरची गोरी कुटुंबं जेवणं आटोपून एका काळ्या घरात डोकावत होती. संहिता एक काळा मानसोपचारतज्ज्ञ, अल्विन पूसाँ, तपासून द्यायचा, की कुठे जुनं हिडीस काही शिरू नये. आणि थिओच्या खोलीच्या दारावरचा तो वर्णभेदविरोधी फलक? तुलाच पहिल्यांदा दिसला होता, तू सोफ्यावरून उडालास. चॅनेलला तो काढायचा होता, कॉस्बीने ऐकलं नाही. तेव्हा रस्ता अगदीच नव्हता असं नाही. दारापर्यंत आला होता.

तू परत गेल्यावरचं एक मात्र तुला कधी सांगितलं नाही. शेवटचा भाग लागला ३० एप्रिल १९९२ला. आदल्या दिवशी रॉडनी किंग या काळ्या माणसाला बेदम मारहाण करणारे पोलीस सुटले होते आणि लॉस एंजेलिस पेटलं होतं. मी एकटाच बघत होतो. एका चॅनेलवर धूर, दुसऱ्यावर थिओचा पदवीदान समारंभ. तेव्हा तुझा 'रस्ता कुठाय' आठवला आणि मी तुझ्यावरच चिडलो.

त्यानंतर आलेलं सगळं बघितलं. शिकागोच्याच पोलिसाचं कुटुंब असलेल्या 'फॅमिली मॅटर्स'मध्ये शेजारचा अर्कल एका भागापुरता आला आणि घरच गिळून बसला. धाकटी मुलगी मधेच गायब झाली, कोणी चौकशीही केली नाही. पुन्हा जेजेचीच गोष्ट. आता मुक्ताने गृहपाठ दिलाय, 'ब्लॅकिश'. त्यात एका भागात सगळं कुटुंब बातम्यांसमोर बसलेलं, आणि बाप सांगतो की ओबामा शपथविधीच्या दिवशी गाडीतून उतरून चालायला लागला तेव्हा आनंदाच्या आत केवढी भीती होती. तो भाग मी दोनदा पाहिला. रस्ता होता बघ त्यात.

आणि मला अक्कल तेव्हा यायला हवी होती जेव्हा ऑफिसात तो एक जण 'द सिम्पसन्स' कार्टूनमधल्या आपू या भारतीय दुकानदाराच्या आवाजात मला 'थँक यू, कम अगेन' म्हणायचा. आपूला आवाज देणारा गोरा नट २०२० मध्ये थांबला. आमच्या ऑफिसातला त्याच्या आधीच निवृत्त झाला. मी सहा वर्षं हसलो, कारण तो प्रेमानेच म्हणायचा.

त्या रविवारी रात्री झोप लागली नाही. पहाटे आई आठवली. १९८६चा आमच्याकडचा गणपती. तू पहिल्यांदा घरी आला होतास, आईने तुझं आडनाव विचारलं, तुझ्याशी तासभर कवितांवर बोलली, आणि निघताना अगदी कौतुकाने म्हणाली, "वाटत नाही हो अजिबात." तू पाया पडलास. डेक्कनच्या स्टॉपवर म्हणालास, "विन्या, तुझ्या आईने सर्टिफिकेट दिलं, आता लॅमिनेट करतो," आणि आपण बस येईपर्यंत हसलो.

आई काही वाईट नव्हती, तुला माहीत आहे. पण ३९ वर्षं मी तो किस्सा तुझा विनोद म्हणून लोकांना सांगत आलो. तू तेव्हा खरंच हसत होतास का रे? खोटं सांगू नकोस, आता आपलं वय नाही.

मार्कसच्या वडिलांनी परवा फोन केला. येत्या शनिवारी त्यांच्या अंगणात मासे तळायचा बेत आहे, या म्हणाले. माझ्या बोलण्याचा उल्लेखही नाही. सुनीता म्हणते श्रीखंड न्यायचं. मी म्हणालो तू म्हणशील ते, मी तिथे फक्त खाणार आहे, बोलणार नाही. मंडळातल्या दोघीतिघींनी 'मुलगा कसा आहे हो' असं खालच्या आवाजात विचारून झालंय. त्यांचं गणपतीनंतर बघतो.

वहिनींचं डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं ना? अमोघ हिंजवडीतच आहे की सोडलं? लग्न मे महिन्यात. तुम्ही दोघं येताय, व्हिसाचं आत्तापासून बघ. तुझी शेरवानी मी शिवून घेतो, पोटाचं माप खरं कळव.

तुझा,
विन्या

ता. क. वरळीच्या बीडीडी चाळींच्या जागी झालेल्या नव्या इमारतींच्या चाव्या वाटल्याचं वाचलं. तुमचा नंबर लागला का? १६० फुटांतून एकदम ५०० फूट, म्हणजे तू थेट 'द जेफरसन्स' मालिकेतला, उंच इमारतीत राहायला गेलेला जॉर्ज जेफरसनच झालास, फक्त ड्रायक्लीनिंगची दुकानं तेवढी काढायची राहिली. मजला कितवा ते लिही.