युद्धस्मारकांकडे जाणाऱ्या पायवाटा गावनकाशावर नोंदवाव्यात

माननीय संपादक महोदय,
सादर नमस्कार.

जुलै २०२५ मध्ये ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ या नावाने बारा किल्ल्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला. त्यांत खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे कोकण किनाऱ्यावरचे चार किल्ले असल्यामुळे आम्हा किनारपट्टीच्या लोकांना मनापासून आनंद झाला. या नावातील ‘भूप्रदेश’ या शब्दाकडे मात्र आपल्याकडे फारसे कोणी लक्ष दिलेले दिसत नाही. पर्यटक गाडीने हर्णैला येतात, होडीत बसून सुवर्णदुर्ग पाहतात आणि संध्याकाळच्या आत परततात. किल्ल्याला खाडीशी, खाडीला सड्याशी (माथ्यावरच्या कातळपठाराशी) आणि सड्याला घाटाशी जोडणाऱ्या ज्या वाटांवरून फौजा, दाणागोटा आणि निरोप ये-जा करीत, त्या वाटा आज कोणाच्याही यादीत नाहीत. त्या एकामागून एक बंद होत आहेत, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

मी दापोली तालुक्यातील एक निवृत्त शिक्षक आहे. गेल्या पौषात माझ्या चार माजी विद्यार्थ्यांबरोबर मी हर्णै ते बाणकोट हा प्रवास शक्य तितका जुन्या पायवाटांनी, दोन मुक्काम करीत, पायी केला. हर्णैच्या किनाऱ्यावर कनकदुर्ग, फत्तेगड आणि गोवा किल्ला हे तीन भुईकोट सुवर्णदुर्गाच्या पाठराखणीला उभे होते. फत्तेगडावर आता कोळी बांधवांची वस्ती आहे, तर कनकदुर्गावर दीपगृह आहे. एप्रिल १७५५ मध्ये इंग्रजांचा कमोडोर जेम्स समुद्राकडून आणि पेशव्यांचे सरसुभेदार रामाजी महादेव यांची फौज जमिनीकडून अशी कोंडी होऊन मराठा आरमाराचे सरखेल तुळाजी आंग्रे यांचा सुवर्णदुर्ग पडला. पुढल्याच वर्षी, फेब्रुवारी १७५६ मध्ये, विजयदुर्गाच्या बंदरात आंग्र्यांचे आरमार जळाले. इंग्रजांनी पेशव्यांना केलेल्या या मदतीच्या मोबदल्यात बाणकोट इंग्रजांकडे गेले आणि तिथल्या हिंमतगडाला ‘फोर्ट व्हिक्टोरिया’ हे नाव मिळाले. आपल्याच आरमाराच्या नाशाला आपणच हातभार लावला, हे लिहिताना आजही मनाला लागते. हर्णैहून बाणकोटापर्यंत चालत गेल्यावर सुवर्णदुर्गाचा पाडाव आणि बाणकोटाचे हस्तांतर या घटना एकाच किनाऱ्याच्या दोन टोकांना घडल्या, हे डोळ्यांना दिसते. हर्णैच्या टेकाडावरून सुवर्णदुर्गाचा तट किती जवळ आहे, तोफेचा मारा कोठून कोठे पोहोचू शकेल आणि किनाऱ्यावरचे किल्ले हातचे गेल्यावर पाण्यातल्या शिबंदीची काय अवस्था झाली असेल, हे वर्गात नकाशा टांगून मी तीस वर्षे शिकवीत होतो. माझ्या विद्यार्थ्यांना ते खऱ्या अर्थाने त्या दिवशी समजले.

आंजर्ल्याची खाडी ओलांडून कड्यावरच्या गणपतीला नमस्कार करून आम्ही आडे गावावरून केळशीकडे निघालो. वाटेपासून थोड्या आतल्या एका वाडीत ग्रामदेवतेच्या देवळाबाहेर तीन वीरगळ (लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मरणशिळा) एका ओळीत मांडलेले आहेत. खालच्या चौकटीत झुंज, मधल्या चौकटीत वीराला नेणाऱ्या अप्सरा, वरच्या चौकटीत शिवलिंगाची पूजा आणि शिरोभागी चंद्रसूर्य, अशी ही मांडणी आपल्या परिचयाची आहे. बोरिवलीजवळच्या एकसर येथील वीरगळांवर तर वल्ह्यांच्या जहाजांची लढाई कोरलेली आहे. या वाडीतल्या वीरगळांवर दर जत्रेला तैलरंगाचा हात फिरतो आणि त्यात कोरीव काम बुजत चालले आहे. लोक त्यांना ‘वीर’ म्हणून नारळ देतात, ही श्रद्धा मला मोलाची वाटते. रंगाऐवजी तेल आणि शेंदूर वापरावा, एवढेच तिथल्या मानकऱ्यांना सांगितले आणि त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतले.

खरा धक्का पुढे बसला. आणखी एका गावात शाळेच्या जुन्या भिंतीत एक संगमरवरी शिळा आहे. १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात या गावातून किती माणसे गेली आणि त्यांपैकी किती प्राणास मुकली, असे दोन आकडे तिच्यावर इंग्रजीत कोरलेले आहेत. नाव मात्र एकाचेही नाही. अशा शिळा सरकारने युद्धानंतर देशभर गावोगावी बसविल्या आणि कोकणातही त्या आहेत. आमच्या समोरच्या शिळेवर चुन्याचे इतके हात बसले होते की अक्षरे बोटांनी चाचपून वाचावी लागली. शाळेतल्या मुलांना ती कशाची आहे हे ठाऊक नव्हते. यात त्या मुलांचा काहीच दोष नाही, कारण आम्ही शिक्षकांनीच त्यांना ते कधी सांगितले नाही.

ही गेलेली माणसे कोठे गेली? मराठा पलटणींत रत्नागिरी जिल्ह्यातून मोठी भरती होत असे. डिसेंबर १९१५ पासून इराकमधील कुत-अल-अमारा येथे वेढ्यात अडकलेल्या आणि २९ एप्रिल १९१६ रोजी उपासमारीने शरण जावे लागलेल्या सैन्यात १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या. ज्या महार समाजाला सैन्यभरतीचे दार आधी बंद करण्यात आले होते, त्याच्यासाठी १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभारण्यात आली आणि गरज संपताच १९२१ मध्ये ती मोडूनही टाकली. मेसोपोटेमियाच्या, म्हणजे आजच्या इराकच्या, मोहिमेत मरण पावलेल्या आणि कबर नसलेल्यांसाठी बसरा येथे जे स्मारक उभारले, त्यावर हिंदी (भारतीय) अधिकाऱ्यांची नावे आली. साध्या हिंदी शिपायांची मात्र पलटणीखाली केवळ संख्या आली. म्हणजे बसऱ्याच्या भिंतीवरही आकडा आणि गावच्या शाळेच्या भिंतीवरही आकडाच. खलाशांची कथा याहून वेगळी नाही. मुंबईत मशीद बंदर येथील खलाशांच्या वसतिगृहात पहिल्या महायुद्धात समुद्रातच ज्यांचा अंत झाला अशा दोन हजारांहून अधिक खलाशांचे स्मारक आहे. मुंबईच्या गोदीत कामाला जाणारी घरे ज्या किनाऱ्यावर गावोगाव आहेत, त्या किनाऱ्यावर या स्मारकाची साधी माहितीही कोणाला नाही.

दुसऱ्या महायुद्धातील एक नाव मात्र आपल्याला ठाऊक आहे. माणगाव तालुक्यातील पळसगावचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात लढताना वयाच्या बावीसाव्या वर्षी धारातीर्थी पडले आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांची कबर नाही. कॅसिनो येथील स्मारकावर त्यांचे नाव आहे. माणगावात त्यांचा पुतळा आहे. २०२३ मध्ये इटलीतील मोंतोने या डोंगरावरच्या छोट्या गावाने त्यांच्या स्मरणार्थ एक सूर्यघड्याळ उभारले. परक्या गावाने आपल्या माणसाची अशी आठवण ठेवावी आणि आपण गावातल्या शिळेवर चुना फासावा, याचा विचार आपण सर्वांनी करायला हवा.

आता वाटांबद्दल. शिळेच्या गावातून बंदराकडे उतरणारी जांभ्या चिऱ्यांची पाखाडी, म्हणजे पायऱ्यांची वाट, अजून शाबूत आहे. मोटाररस्ता येण्यापूर्वी मुंबईला जायचे म्हणजे बंदरावर येऊन आगबोट धरायची, हाच कोकणचा परिपाठ होता. भरती झालेले तरुण याच पाखाडीने गेले असणार आणि निरोप देणाऱ्या आया याच पायऱ्यांवर थांबल्या असणार. माझ्या दृष्टीने त्या गावचे खरे युद्धस्मारक ही पाखाडी आहे. तिचा अर्ध्याहून अधिक भाग आम्ही चाललो आणि पुढे नव्याने विकल्या गेलेल्या एका प्लॉटचे तारेचे कुंपण आडवे आले. वाडीतल्या एका वृद्ध बाबांनी आम्हाला गडग्याच्या (दगडी कुंपणाच्या) कडेने, व्हाळ (ओढा) ओलांडून, वळसा घालून खाली नेले. त्यांच्यानंतर तो वळसा कोणाला ठाऊक असेल? सड्यावर तर एका जागी चिरेखाणीने वाटच पोटात घेतली होती आणि समोर वीसेक फूट खोल खड्डा होता.

शेताकडे जाणारी शेतकऱ्याची वाट अडविली तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाच्या पाचव्या कलमाखाली तहसीलदार अडथळा दूर करू शकतात, तसेच १९६६ च्या जमीन महसूल संहितेच्या १४३ व्या कलमाने बांधावरून वाट मिळू शकते. या तरतुदींचा आधार मुख्यतः जमीनधारकाला आहे. ज्या पाखाडीने आता रोज कोणी शेतावर जात नाही, तिच्यासाठी भांडायला कोणी उभे राहत नाही आणि वहिवाट संपली असे म्हणायला मात्र खरेदीदार तयार असतो. फ्रान्समध्ये ३१ डिसेंबर १९७६ च्या कायद्याने समुद्राला लागून असलेल्या खासगी जमिनींवर तीन मीटर रुंदीचा पट्टा पायी चालणाऱ्यांसाठी खुला ठेवणे बंधनकारक केले. नॉर्मंडीच्या ज्या किनाऱ्यावर ६ जून १९४४ रोजी दोस्तांच्या फौजा उतरल्या, तो सारा किनारा आज जकात पहारेकऱ्यांच्या जुन्या पायवाटेने चालता येतो आणि त्या वाटेवर गावोगावची स्मारके लागतात. तिथे जमीनमालकही आहेत आणि घरेही आहेत. तीन मीटरने कोणाचे घर गेले नाही.

आमच्या बागायतदारांची भीती मी नाकारत नाही, कारण माझीही आंब्याची थोडी कलमे आहेत. हापूसच्या बागेतून अनोळखी माणसांनी जायचे म्हणजे राखण्याची झोप उडते, आणि प्लास्टिकच्या बाटल्या व दारूच्या काचा सड्यावर टाकणारे हौशी ट्रेकर मीही पाहिले आहेत. त्यावर उपाय ऋतूचा आहे. पावसाळ्यात कातळावर शेवाळ असते आणि फेब्रुवारीनंतर सडा तापतो, तेव्हा चालण्याचा काळ कार्तिक ते माघ एवढाच ठेवावा आणि आंबा-काजूच्या हंगामात बागांमधल्या वाटा बंद ठेवाव्यात. प्रत्येक तुकडीबरोबर त्या गावचा माहीतगार असलाच पाहिजे आणि त्याला ठरलेली मजुरी मिळाली पाहिजे. भरतीचे गणित त्यालाच ठाऊक असते: तिथीला पाऊण पटीने गुणले की भरतीची वेळ येते, अष्टमीला सुमारे सहा आणि अमावास्येला सुमारे सव्वाअकरा, हे कोळ्यांच्या पोरांना तोंडपाठ आहे. शहरातून येणारे तरुण उधाणाच्या दिवशी खडकांच्या कडेने निघतात आणि जीव धोक्यात घालतात.

रेवस–रेड्डी सागरी महामार्गाचे काम पुढे जाईल, खाड्यांवर पूल होतील आणि व्हावेतही. आजारी माणसाला घेऊन खाडीवरच्या नावेची वाट पाहत बसण्याचे दिवस मी पाहिले आहेत. परंतु महामार्गाची मोजणी सुरू असतानाच, त्याला छेदणाऱ्या जुन्या पाखाड्या आणि पाणंदी गावनकाशावर ‘सार्वजनिक पायवाट’ म्हणून नोंदवून घ्याव्यात, अशी माझी रत्नागिरी, रायगड आणि सिंधुदुर्ग या तिन्ही जिल्ह्यांच्या प्रशासनाला विनंती आहे. सुरुवात हर्णै ते बाणकोट या एका पट्ट्यापासून करावी. त्यासाठी मोठ्या निधीची गरज नाही: भूमी अभिलेख कार्यालयातील जुने नकाशे, ग्रामसभेचा ठराव, कातळावर चुन्याच्या खुणा आणि कुंपणात एक फाटक एवढ्यावर काम भागेल. फरसबंदी, रेलिंग आणि सेल्फी पॉइंट कृपया करू नयेत.

आणि शिळांवर नावे यावीत. निवृत्तिवेतनाचे कागद, पदके आणि पत्रे अजून काही घरांच्या पेट्यांत आहेत. ज्या वाचकांच्या गावात अशी शिळा किंवा वीरगळ असेल, त्यांनी ती कोठे आहे आणि तिथवर कोणती पायवाट जाते, हे आपल्या ग्रामपंचायतीला लेखी कळवून पोच घ्यावी. आम्ही पाच जण येत्या मार्गशीर्षात, शुद्ध अष्टमीला भांगाची (कमी चढणारी) भरती पाहून, हर्णै बंदरावरून पुन्हा निघणार आहोत. या वेळी सोबत मोजणीची साखळी आणि जुन्या गावनकाशांच्या प्रती असतील. ज्या गावांतून जाऊ, तिथल्या शाळांनी एखाद्या वर्गाला आपल्या गावाच्या हद्दीपुरते आमच्याबरोबर चालू द्यावे.

आपला नम्र,
एक निवृत्त शिक्षक,
ता. दापोली, जि. रत्नागिरी