दशावतार सव्वासातला उभा करा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उन्हाळ्यात चाकरमानी गावी येतात त्या सुमारास श्रीवर्धनपासून वेंगुर्ल्यापर्यंत जागोजागी महोत्सव भरतात. पत्रिकेवर दशावतार, जाखडी, नमन, चित्रकथी अशी नावे असतात. प्रत्यक्ष मंचावर या कलांच्या वाट्याला काय येते ते पाहिल्यावर, पुढच्या वर्षीची आखणी करणाऱ्या मंडळांसाठी काही गोष्टी लिहून ठेवाव्यात असे वाटले. रोख कोणत्याही एका मंडळावर नाही. चुका सगळीकडे त्याच आहेत आणि त्यांतल्या बहुतेक सुधारायला जादा पैसे लागत नाहीत.

पहिला घोळ वेळेचा. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस १२ वाजेपर्यंत सवलत देण्याचा अधिकार राज्य सरकारला आहे, पण गणपती, नवरात्र यांसारख्या सणांतच ते दिवस बहुतेक संपतात. 'माईक बंद करू आणि नुसत्या पखवाजावर पुढे चालवू' ही पळवाटही नाही, कारण नियमात वाद्यांचाही उल्लेख आहे. म्हणजे उघड्यावरच्या कार्यक्रमाला १० ही शेवटची रेघ धरूनच उलटा हिशोब मांडायला हवा.

आता होते काय ते पाहा. पत्रिकेत वेळ ७ ची. दीपप्रज्वलन पावणेआठला. मग सत्कार. नाव पुकारणे, माणूस मंचावर येणे, शाल, श्रीफळ, फोटो हे सगळे धरून एका सत्काराला दीड-दोन मिनिटे लागतात. वीस सत्कार म्हणजे अर्धा ते पाऊण तास. त्यावर चार भाषणे. नाटक मंडळी तोंडाला रंग लावून पावणेपाचपासून बसलेली आणि पडदा वर जातो नऊला. साडेनऊला आतून चिठ्ठी जाते, 'आवरते घ्या'. रात्रभर चालणारे आख्यान असे पाऊण तासात कोंबले, की राहते काय तर गणपतीचा प्रवेश आणि शेवटची लढाई. पाहुणा म्हणतो, दशावतार म्हणजे मुकुट घालून गिरक्या घेणे. त्याला दोष कसा देणार?

दशावताराचे संवाद लिहिलेले नसतात, ते मंचावर उत्स्फूर्त बोलले जातात. त्यामुळे कसलेली कंपनी आख्यान अडीच तासांत किंवा दोन तासांतही बांधू शकते. अट एकच: किती वेळ मिळणार ते सुपारी देतानाच सांगायचे. कोणता प्रसंग मुळातच घ्यायचा नाही, नारदाला किती बोलू द्यायचे हे रंगपटात आधी ठरते. एकदा पात्र बाहेर पडले की मधूनच कापता येत नाही. कापले तर कथा तुटते. आमचा सरळ हिशोब असा. मे महिन्यात दक्षिण कोकणात सूर्य ७ च्या आसपास मावळतो. सव्वासातला आड-दशावतार, म्हणजे मुख्य आख्यानाआधीचा पूर्वरंग, सुरू करा, त्याला अर्धा तास द्या. नवख्या प्रेक्षकाला कळणार नाही म्हणून हा भाग गाळायची पद्धत पडली आहे, पण गणपती, ऋद्धि-सिद्धी, सरस्वती आणि मालवणी बोलीत भटाची फिरकी घेणारा संकासुर नव्या माणसाला आख्यानापेक्षा लवकर कळतात. पावणेआठ ते पावणेदहा आख्यान. पंधरा मिनिटे हाताशी राहतात. सत्कार, भाषणे, प्रायोजकांची नावे साडेपाच ते सात या वेळेत उरकावीत. प्रमुख पाहुणे उशिरा आले तर त्यांना पहिल्या रांगेत बसवावे, खेळ थांबवू नये.

आता मंच. दशावताराला मागे एक पडदा, एक बाकडे आणि पक्की जमीन एवढे पुरते. युद्धनृत्यात पात्र एका पायावर फिरते. महोत्सवाच्या मंचावर लोखंडी सांगाड्यावर प्लायवूड आणि त्यावर लाल गालिचा असतो. गालिचा गोळा होतो, पाय अडकतो. काढता येत नसेल तर तो चारही बाजूंनी आणि मध्यावरही चिकटपट्टीने ताणून बसवावा. खाली प्लायवूडच्या सांध्यात बोट जाईल एवढीही फट नको. पायपेटी (पायाने भाता मारायची हार्मोनिअम), पखवाज आणि झांजवाले मंचाच्या एका कडेला, पात्राचे पाय दिसतील असे बसले पाहिजेत. त्यांना मागे, फुलांच्या कमानीआड बसवतात आणि मग पात्राची गिरकी संपते एकीकडे, पखवाजाची थाप पडते दुसरीकडे.

जाखडी मात्र मंचावर नेऊच नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. त्यात गाणारे आणि ढोलकीवाला मध्ये बसतात, नाचणारे पायात घुंगरू बांधून त्यांच्याभोवती फिरतात, तोंडे बरीचशी आत. चार फूट उंच मंचावर हे चढवले की समोरच्याला दिसतात पाठी, आणि शक्तीवाल्याने तुरेवाल्याला (जाखडीतले हे दोन प्रतिस्पर्धी पक्ष) काय सवाल टाकला ते त्या पाठींआड राहते. शिवाय मंचाची खोली बहुधा १६ फूट असते, त्यात गोल लंबुळका होतो आणि कडेचा नाचणारा जपून पावले टाकू लागतो. मंचासमोरचे २५ फूट बाय २५ फूट मैदान मोकळे ठेवा, जमीन शेणाने सारवलेली किंवा ठोकून घट्ट केलेली असू द्या, प्रेक्षक चहूबाजूंनी बसवा. घुंगरांचा आणि पावलांचा ठेका हाच तिथे अर्धा ताल असतो. गालिच्यावर तो ऐकूच येत नाही. मध्ये बुटक्या स्टँडवर दोन माईक पुरेत, वायर जमिनीत चर खणून न्यावी.

चित्रकथीचे हाल याहून वाईट. कुडाळजवळच्या पिंगुळीच्या ठाकर कलावंतांनी ही कला टिकवली. तिथलेच परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली, त्यानंतर महोत्सवांची बोलावणीही वाढली. पण पोथीतले चित्र हातात धरून दाखवण्याच्या मापाचे असते. वीणा, टाळ आणि हुडुकाच्या साथीने एकेक चित्र पुढे करत कथा सांगायची असते. पाचशे खुर्च्यांसमोर ते चित्र टपालाच्या तिकिटाएवढे दिसते. त्यासाठी झाडाखाली किंवा शाळेच्या ओसरीवर चाळीस-पन्नास माणसांची वेगळी बैठक हवी, चित्रावर डावीकडून एक पिवळसर दिवा आणि संध्याकाळी तीन खेळ, प्रत्येकी चाळीस मिनिटांचे. कळसूत्री बाहुल्यांनाही हेच माप लागू आहे.

आवाजाबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण सर्वांत जास्त नासाडी इथे होते. ध्वनिव्यवस्था ऑर्केस्ट्राच्या मापाने भाड्याने आणली जाते. मोठे बेस बॉक्स जमिनीवर आणि मिक्सरवर खालचे सूर वाढवून ठेवलेले. त्यातून पखवाजाची धुम, म्हणजे खर्जाची बाजू, नुसती घुमते, बोल कळत नाहीत. बोलणाऱ्या पात्रांच्या माईकवर ८० हर्ट्झखालचे सगळे कापून टाकावे. पखवाजाला दोन्ही तोंडांना प्रत्येकी एक माईक, वीतभर अंतरावर. पायपेटीला एक, मागच्या बाजूने. झांजेला माईक देऊच नये. तिचा आवाज बाकीच्या माईकांतून हवा तेवढा येतो. वेगळा दिला की दहा मिनिटांत प्रेक्षकांचे कान किटतात आणि तंत्रज्ञ सगळ्यांचाच आवाज उतरवतो. पात्रांना कॉलरमाईक लावण्याचा हल्ली आग्रह असतो. मुकुट, गंगावन, दागिने, घाम यांत तो टिकत नाही, युद्धात तर हमखास तुटतो. मंचाच्या पुढच्या कडेला चार माईक सारख्या अंतरावर ठेवले आणि स्पीकर त्यांच्या रेषेच्या पुढे, आठ-दहा फूट उंच लावले तर शिट्टी न वाजता काम होते. मैदान लांब असेल तर पुढचे स्पीकर वाढवण्यापेक्षा १०० फुटांवर आणखी एक लहान जोडी लावावी आणि तिला सुमारे ९० मिलिसेकंद उशीर द्यावा; नाहीतर मागच्यांना प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो. प्रत्येक तंत्रज्ञाला हे ठाऊक असते. त्याला सांगणारे आणि चाचणीला दुपारी तासभर देणारे कोणी नसते.

पखवाजाची अडचण हवेची आहे. किनाऱ्यावर संध्याकाळी दमटपणा वाढला की कातडे सैल पडून सूर उतरतो. तेच वाद्य मंचावरच्या तापलेल्या दिव्यांखाली नेले की चढते. पायपेटीचे सूर पक्के, ते हलत नाहीत, म्हणून जुळवायचे ते पखवाजानेच. वादीखालचे लाकडी गठ्ठे ठोकून सूर लावायला पंधरा-वीस मिनिटे लागतात आणि ते काम ज्या हवेत वाजवायचे तिथेच, म्हणजे मंचाच्या बाजूला व्हायला हवे, वातानुकूलित खोलीत नव्हे. धुमेवर लावलेली कणीक वाऱ्याने भराभर सुकते. सुकली की हलकी होते आणि आवाज टणक लागतो. वादकाशेजारी ताजी भिजवलेली कणीक, पाण्याचा तांब्या आणि ओले फडके झाकून ठेवावे. निवेदकाने 'आता लगेचच' म्हणून पुढच्या पथकाला तीन मिनिटांत उभे करणे म्हणजे बेसूर वाजवायला भाग पाडणे. मधल्या वेळेत गर्दी धरून ठेवायची असेल तर खालुबाजा आहे. सनई, ढोल, टिमकी, ना माईक लागतो ना मंच. कातडी पाने असतील तर ती शेकायला मंडपापासून लांब, वाऱ्याच्या खालच्या अंगाला विस्तवाची जागा द्यावी. डबलबारी भजनाला तर मधली वेळ लागतच नाही: दोन बुवा, दोन पेट्या, दोन बैठका आधीच मांडलेल्या, एकाची बारी संपली की दुसऱ्याची सुरू.

दिव्यांचे थोडक्यात. निळे-जांभळे फिरते दिवे बंद. संकासुर काळ्या वेषात असतो, निळ्या उजेडात तो दिसतच नाही, आणि लाल-पिवळ्या रंगभूषेचे चेहरे मेल्यासारखे दिसतात. पिवळसर पांढरा, स्थिर उजेड पुरे.

महोत्सव पुळणीवरच, म्हणजे समुद्रकाठच्या वाळूतच, हवा असा हट्ट असेल तर आधी तिथी पाहावी. तिथीची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ निघते: अष्टमीला ६, पौर्णिमेला सव्वाअकरा. म्हणजे पौर्णिमेच्या चांदण्यासाठी तारीख धरली तर रात्री खुर्च्या उचलायच्या वेळेलाच उधाणाचे पाणी सर्वांत वर असते. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, पाणी तेवढे चढत नाही. दुपारपासून वारा समुद्राकडून येतो. मंचाची पाठ समुद्राकडे ठेवली तर आवाज वाऱ्याबरोबर लोकांकडे जातो, पण मागचा फ्लेक्स शिडासारखा फुगतो आणि सांगाडा ओढतो. त्याला वारा जायला भोके पाडावीत किंवा तिथे जाळी वापरावी. माईकना स्पंजच्या टोप्या हव्यातच. कोरड्या वाळूत अर्थिंग लागत नाही. रॉड ओल्या थरापर्यंत गेला पाहिजे, नाहीतर स्पीकरमध्ये घूं होते आणि मंचाचे लोखंड हाताला चटका देते. ३० मिलिअँपिअरचा गळती-रोधक स्विच प्रत्येक फीडरला असावा, वायरींचे जोड जमिनीपासून फूटभर वर. आणि ज्या पुळणीवर कासवांची घरटी आहेत, वेळास, आंजर्ले, गुहागर यांसारख्या ठिकाणी, तिथे एप्रिल-मेपर्यंत पिल्ले बाहेर पडतात. ती उजेडाच्या दिशेने चालतात. अशा किनाऱ्यावर प्रखर दिव्यांचा मंच नकोच. खरे तर देवळाचे आवार किंवा शाळेचे मैदान या सगळ्या कलांना पुळणीपेक्षा कितीतरी बरे. सागरकिनारी मंचाचा अट्टहास आहे तो छायाचित्रांसाठी.

शेवटी तारीख. मेच्या शेवटच्या आठवड्याचा मोह टाळावा. तौक्ते वादळ १६-१७ मे २०२१ ला कोकणासमोरून गेले, २०२५ मध्ये मान्सून २६ मे रोजीच मुंबईत पोहोचला होता. मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात संध्याकाळचा वळीव, वीज आणि लोखंडी मंच हे एकत्र येऊ देणे धोक्याचे. एप्रिलचा शेवटचा आणि मेचा पहिला आठवडा बरा, पण तेव्हा दशावतारी कंपन्यांच्या तारखा गावच्या कार्यक्रमांत अडकलेल्या असतात. त्यामुळे सुपारी दिवाळीच्या आसपास, हंगाम सुरू होतानाच द्यावी. वेळ, मंचाचे माप आणि माईकची संख्या तिच्यातच लिहावी, आणि बिदागी त्याच रात्री, रंग उतरायच्या आधी हातात पडावी.

कळावे,
आपले,
काही पखवाजवादक व ध्वनितंत्रज्ञ
सिंधुदुर्ग-रत्नागिरी