खुडूक की अडलेली?

नौपाडा, ठाणे

प्रिय महेश,

सप्रेम नमस्कार.

पांढरी कोंबडी सकाळपासून अंडी घालायच्या पेटीतच बसून आहे, खुडूक झाली असेल, म्हणजे अंडी उबवायला बसली असेल, असं तू म्हणतोस. आधी तिच्याखाली हात घालून बघ. खुडूक कोंबडी पिसं फुलवून गुरगुरते, टोचायला धावते. अंडं अडलेली गप्प असते. पेटीत जाते, बाहेर येते, परत जाते. पाय फाकून उभी राहते, शेपटी खाली पडते आणि श्वासागणिक हलते. तुराही फिका पडतो.

खात्री करायची तर हातमोजा घालून एका बोटाला खोबरेल तेल लाव आणि मागच्या जागेतून अलगद सरळ आत घाल. दोन पेरांत काही कडक, गोल लागलं तर अंडंच. लागलं नाही म्हणून सुटलो असं मात्र समजू नकोस. मऊ कवचाचं अंडं बोटाला चटकन कळत नाही, आणि अडतं जास्त तेच.

मग टबात ३८ ते ४० अंशांचं पाणी घे. पोट आणि मागची जागा बुडेल इतक्याच पाण्यात तिला २० मिनिटं बसव. लोक एप्सम मीठ घालायला सांगतात, पण काम करते ती ऊब, मीठ नाही. मे महिन्याच्या दुपारी ती आधीच चोच उघडून धापा टाकत असेल, तर हा शेक नको. नंतर पूर्ण कोरडी कर, मागच्या जागेला तेल लाव. ५०० मिलिग्रॅमची कॅल्शियमची एक गोळी कुटून चमचाभर दह्यात कालव आणि चोचीला थोडं थोडं लावून चाटव. घशात ओतलंस तर श्वासनलिकेत जाईल. अंडं ढकलणाऱ्या स्नायूंना कॅल्शियम लागतं, आणि एका कवचातच सुमारे २ ग्रॅम जातं. उकाड्यात कोंबडी खाते कमी, वर धापांनी रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो आणि कवच पातळ होतं. म्हणून आपल्याकडे एप्रिल-मे वाईट.

पोट दाबून अंडं काढायला जाऊ नकोस. आत फुटलं तर कवचाच्या कडांनी अंडनलिका फाटू शकते. काही तासांत अंडं आलं नाही तर त्याच दिवशी डॉक्टर गाठ. ऐरोलीहून ठाण्याला ये, तिथून स्लो लोकलने परळला पशुवैद्यक महाविद्यालयाच्या आवारातलं बाई साकरबाई रुग्णालय. पक्षी बघणारे डॉक्टर कधी असतात ते आधी फोनवर विचार.

जोर करून लाल मांस बाहेर आलं, तर तिला तडक वेगळी कर. बाकीच्या कोंबड्या लालसर दिसलं की टोचतात, आतडीसुद्धा ओढतात. अर्धा लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचा सपाट चमचाभर मीठ घालून ते धू, सूज असेल तर वर साखर लाव, मग तेलाच्या बोटाने आत सरकव आणि तिला अंधारात ठेव. उजेड कमी असला की अंडी थांबतात.

याउलट, आठवडाभरात हळूहळू पोट पाण्याने भरलेल्या पिशवीसारखं लोंबायला लागलं आणि अंडी बंद झाली, तर तो बलक पोटात सांडून झालेला संसर्ग असू शकतो. त्यात शेक निरुपयोगी. डॉक्टर सुईने पाणी काढतात, श्वास मोकळा होतो, पण बहुधा ते परत भरतं. अंड्याऐवजी थराथरांचा रबरी गोळा पडला तर अंडनलिकेचा संसर्ग समज आणि तो गोळा डब्यात घालून सोबत ने.

खाण्याचं म्हणशील तर अंडी देणाऱ्यांना लेअर मॅश (अंड्यांवरच्या कोंबड्यांचं जादा कॅल्शियमचं तयार खाद्य) आणि शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत. भात-पोळी अगदी थोडी, चरबी वाढली की अंडं अडण्याची शक्यता वाढते. तलंगांना, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्यांना, मात्र पहिल्या अंड्यापर्यंत लेअर मॅश नको, जादा कॅल्शियमने मूत्रपिंड बिघडतं. अँटिबायोटिक सुरू झालं तर डॉक्टर सांगतील तितके दिवस तिची अंडी घरात कुणी खाऊ नका.

तुझा,
विनय