रविवारची बैठक आणि घरी राहिलेली पुस्तकं

मंडळी, नमस्कार. येत्या रविवारी सकाळी साडेसातला ठाण्यातल्या उपवन तलावाजवळ, नेहमीच्याच जागी भेटू. गाडी असलीच पाहिजे असं नाही. आपल्यातले निम्मे जण पुस्तकं वाचूनच या जुन्या गाड्यांच्या नादाला लागलेत. मी स्वतः नौपाड्यातल्या रद्दीवाल्याकडून फियाट अकराशेचं हँडबुक घेतलं, तेव्हा घरात सायकलसुद्धा नव्हती! चोक ओढला की कार्बोरेटरमध्ये हवा कमी जाते, मिश्रणात पेट्रोलचं प्रमाण वाढतं आणि थंड इंजिन सुरू होतं, हे मला त्या पिवळ्या पानांवरच कळलं.

या वेळचा विषय प्रीमियर पद्मिनी. फियाट अकराशेचीच ही देशी बहीण आपल्या शेजारी कुर्ल्यात बनायची. 1089 सीसीचं इंजिन, स्टिअरिंगलगतचा गिअर. 2023 च्या ऑक्टोबरअखेर तिची टॅक्सी मुंबईच्या रस्त्यांवरून कायमची गेली. वेळ उरला तर अँबॅसडर. ती मूळची मॉरिस ऑक्सफर्ड, 2014 मध्ये तिचं उत्पादन थांबलं.

आता तक्रार. वाचायला नेलेली चार पुस्तकं अजून परत आलेली नाहीत. रविवारी आणाच. पानावर ग्रीसचा अंगठा उठला असेल तर चालेल, उलट बरंच. पण वायरिंगच्या आकृतीचं पान फाडून नेऊ नका, फोटो काढा.

गाड्या रस्त्याच्या कडेला, फिरायला येणाऱ्यांची वाट सोडून लावा. तेल गळत असेल तर खाली पुठ्ठा. चहा नेहमीप्रमाणे वर्गणीतून.